घाण्यावरची आक्का आणि बारीक करणारा काढा

डोंगर आजच्यापेक्षा थोडे उंच होते आणि जनावरं माणसांशी बोलत होती, तेव्हाची ही गोष्ट. एका गावाच्या वेशीपाशी एका बाईचा तेलाचा घाणा होता. सारं गाव तिला आक्का म्हणे. आक्का अंगाने भरभक्कम, तोंडाने फटकळ आणि मनाने लोण्यासारखी.

घाण्याची रीत अशी. मोठ्या लाकडी उखळात तीळ नाहीतर करडई टाकायची. त्यात लाट, म्हणजे जाड लाकडी ओंडका, उभी करायची. लाटेला जोडलेल्या फळीवर माणसाने बसायचं आणि फळी ओढत बैलाने गोल गोल फिरायचं. बसणाऱ्याच्या भाराने लाट दाबली जाते, दाणे रगडले जातात आणि सावकाश तेल सुटू लागतं. आक्का फळीवर बसली की गावातल्या समया आणि कढया दोन्ही निर्धास्त असत.

आक्काच्या एकुलत्या एका लेकीचं, तुळसाचं, लग्न ठरलं. बोलणी करायला होणारी विहीण आली. अंगणातल्या बाजेकडे बघत ती सगळ्यांदेखत म्हणाली, "विहीणबाई, तुम्ही आपल्या खालीच बसा हो. बाज आम्हालाही लागायची आहे!"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आक्काही हसली. पण पाहुणे गेल्यावर तिने ताट दूर सारलं. लेकीच्या लग्नात आपलं हसं होणार, हे तिच्या मनाने घेतलं.

नेमका तेव्हाच एक जडीबुटीवाला गावात आला. वाळल्या पाल्याच्या पुड्या हलवत म्हणाला, "आक्का, सकाळ-संध्याकाळ ह्याचा काढा घ्या. पोट धावू लागलं की समजा, चरबी चालली वाहून! लग्नापर्यंत वेलीसारख्या व्हाल." आजकाल तुम्ही अशाच काढ्याला ‘बारीक करणारा चहा’ म्हणता. नाव बदललं म्हणून पाला थोडाच बदलतो?

झालं! आक्काने काढा सुरू केला आणि परसाकडे खेपाही सुरू झाल्या. जीव नुसता मेटाकुटीला आला. पण चोळी सैल झाली, तशी बाई हरखली.

"आई, डोळे बघ किती खोल गेलेत तुझे," तुळसा म्हणाली.

"गप गं! चरबी चालली आहे माझी. तुला काय कळतंय त्यातलं?"

घाण्याच्या बैलाचं नाव चांद्या. तेल निघाल्यावर उरलेली पेंड त्याच्या पुढ्यात पडे. एके दिवशी पेंड चघळत तो म्हणाला, "आक्का, हल्लीची पेंड काय चविष्ट लागते गं! जिभेवर तेलच तेल."

"मग खा की मुकाट्याने! चांगलं मिळालं तरी तुझी कटकट."

"कटकट नाही गं. पण तेल माझ्याच पोटात गेलं, तर लोकांच्या समईत काय जायचं?"

भांडं पूर्वीसारखं भरत नव्हतं आणि गिऱ्हाईकं कुरकुरत होती, हे आक्कालाही दिसत होतं. लाट दाबायला फळीवर भारच उरला नव्हता. पण हट्ट म्हणजे हट्ट. तिने संध्याकाळी काढ्याचा आणखी एक वाडगा रिचवला.

लग्नाच्या पुऱ्यांसाठी तेल काढायचा दिवस आला. ऊन रणरणत होतं. आक्का फळीवर चढली आणि चांद्या फिरू लागला. पोटऱ्यांत गोळे आले, घाणा गरगरला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि आक्का खाली कोसळली, ती नेमकी फळीच्या वाटेत.

चांद्याच्या डोळ्यांवर झापडं बांधलेली होती. त्याला काही दिसलं नाही. पण उरलासुरला भारही पाठीमागून एकदम गेला, हे त्याला जाणवलं, आणि त्याने चारही खूर जमिनीत रोवले. आक्काच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर फळी थांबली.

तुळसा ऊर फुटेल अशी धावली. आईचं डोकं मांडीवर घेऊन तिने मीठ घातलेली पेज घोट घोट पाजली. आक्काने डोळे उघडले, तेव्हा पोरीला रडू आवरेना.

"काय हा वेडेपणा, आई! सासरी निघताना मी कुणाच्या गळ्यात पडून रडू? त्या पुडीच्या?"

"चुकलं गं बाई माझं," आक्काही रडू लागली. "पण चरबी तर चालली होती की."

चांद्या फुरफुरला. "आक्का, सगळा जन्म तू घाण्यावर काढलास. दाण्यातलं तेल कधी धो धो धावत आलेलं बघितलंस?"

"छे! तेल कसं धावेल? फेऱ्यांवर फेऱ्या व्हाव्या लागतात, तेव्हा कुठे थेंब थेंब..." बोलता बोलता आक्का थांबली.

"मग तुझ्याच अंगातलं कसं धावेल? गेलं ते पाणी, आणि त्याच्याबरोबर तुझी ताकद."

आक्काने कपाळावर हात मारला. "अगं बाई! गावाला तेल काढून देते मी, आणि मलाच हे कळू नये?" असं म्हणून ती हसत सुटली. तिचं हसू ऐकलं, आणि तुळसाचा जीव भांड्यात पडला.

पुड्या उकिरड्यावर गेल्या. आक्का ताकभात खाऊन शांत झोपली. चार दिवसांत तोंडावर तेज आलं, आणि गेलेला भारही बराचसा परत आला. पण आता तिने एक केलं. फळीवर एक मोठा धोंडा बांधला आणि स्वतः चांद्याच्या वशिंडावर हात ठेवून त्याच्याबरोबर फेऱ्या घालू लागली. भांडं पुन्हा काठोकाठ भरू लागलं. पेंड कोरडी झाली, त्याचं चांद्याला जरा वाईट वाटलं, पण गप्पांना सोबत मिळाली म्हणून त्याने ते मनावर घेतलं नाही.

लग्नात आक्काने न दमता पंगती वाढल्या. विहीण म्हणाली, "विहीणबाई, आहात तशाच की!"

"उतरेल हो, थेंबाथेंबाने," आक्का हसून म्हणाली. "घाई तुम्हाला आहे, मला नाही."

निघताना तुळसा आईच्या गळ्यात पडली. तिचे हात आईभोवती पुरेनात, तरी तिने मिठी सोडली नाही. आपण आज इथे उभ्या आहोत, एवढ्यानेच आक्काचे डोळे भरून आले.

बोध एवढाच: झटपट वाहून जातं ते अंगातलं पाणी, चरबी उतरते ती सावकाश, आपल्याच पायांनी.