चिमाक्काच्या लोकरीचे तीन गोळे

एकदा काय झालं, एका राजाला फॅशनचं वेड लागलं. नवरंग त्याचं नाव. ए दिगू, पाय आवर, नाहीतर राजाच्या जागी तुलाच घालीन गोष्टीत!

तर हा राजा दर सोमवारी नवी फॅशन काढायचा. एका सोमवारी बाह्या इतक्या लांब, की जेवताना आमटीत बुडायच्या. दुसऱ्या सोमवारी जोडे इतके टोकदार, की राजाला जिना चढता येईना. तिसऱ्या सोमवारी कॉलर इतकी उंच, की त्याला स्वतःचं ताटच दिसेना. मग काय, शेजारी बसलेला प्रधान त्यातले लाडू उचलायचा. हसताय काय? मीही उचलले असते.

आणि हुकूम काय सोडला? जुना कपडा दिसला की चौकातल्या आगीत जाळायचा. लोकांची लुगडी गेली, अंगरखे गेले, पोरांची दुपटीसुद्धा गेली.

राजवाड्यात विणकाम करायला एक म्हातारी होती, चिमाक्का. तोंडात दोन दात नि हातात दोन सुया. पहिल्या सोमवारी तिच्याकडे राजाच्या पणजीची शाल आली. तिला करवतीसारखा काठ. राजा म्हणाला, "टाक आगीत!" दुसऱ्या सोमवारी आजीचं लोकरीचं जाकीट आलं, त्यावर हिरवे पोपट. "टाक आगीत!" तिसऱ्या सोमवारी आला आईचा स्वेटर. त्याला असा छान गोल गळा.

चिमाक्कानं काय केलं? एकेक टाका बोटांनी पाठ केला. मग सगळं सरासरा उसवलं आणि लोकरीचे तीन गोळे करून ठेवले.

शिपाई आला. "म्हातारे, जुने कपडे कुठायत?"

"कपडे कसले रे दादा? लोकर आहे ही!"

शिपायानं डोकं खाजवलं नि गेला बापडा.

मग त्याच आठवड्यात राणीला मुलगी झाली. नव्या बाळाला पहिलं काय घालतात? जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. पण अख्ख्या राज्यात जुनी चिंधी उरली नव्हती, बरं का! जरीचं झबलं घातलं, ते टोचलं. मखमलीचं घातलं, त्यात बाळ घामेजलं. खळीचं घातलं, ओरखडे उठले. तीन दिवस बाळ रडत होतं. दूध तोंडात घेईना.

वैद्य म्हणाला, "महाराज, आज दूध प्यालं नाही, तर बाळ हाती लागायचं नाही."

मग राजा स्वतः दारोदार पळाला. "जुनं काही आहे का हो? फाटकं चालेल!" कुठून असणार? त्यानंच तर जाळलेलं.

रिकाम्या हातानं राजा वाड्यात परतला, तेवढ्यात चिमाक्का तीन गोळे घेऊन पुढे आली.

"जुनं? म्हणजे माझा हुकूम मोडलास तू?" राजा गरजला.

"कपडे ठेवलेच नाहीत महाराज, तर हुकूम मोडला कसा? देते विणून. पण आधी कान धरा."

राजानं बाळाचं रडणं ऐकलं नि मुकाट्यानं हात वर केले. पण कान सापडतील तर ना! दोन्ही कॉलरच्या आत. शेवटी कॉलर ओढून काढली, फेकली नि कान धरले. प्रधानाला लाडवाचा ठसका लागला.

मग चिमाक्का बसली विणायला. सुलट, उलट, सुलट, उलट. सुया अशा पळाल्या, की दिसेचनात. खाली पणजीचा काठ, मधे आजीचे पोपट, वर आईचा गळा. ऊन डोक्यावर यायच्या आत झबलं तयार!

बाळाला घातलं. बाळानं एक उचकी दिली, थांबलं, आणि चुटूचुटू दूध प्यायला लागलं. राजानं झबल्याच्या गळ्यावरून बोट फिरवलं. लहानपणी हाच गळा चोखत तो आईच्या कुशीत झोपायचा. मग असा भोकाड पसरून रडला, की बाळसुद्धा बघत राहिलं!

चौकातली आग त्यानं आपल्या हातानं विझवली. राजकन्या वाढली, तसं दरवर्षी ते झबलं उसवायचं, थोडी लोकर जोडायची, नि मोठं विणायचं. ती गादीवर बसली, तेव्हाही अंगात तेच. लांबलांबचे राजे विचारायला लागले, "ही कुठली हो नवी फॅशन?"

ती म्हणाली, "माझ्या बाबांच्या पणजीची."

राजा सुखात, राणी सुखात, चिमाक्का लाडू खात. प्रधानाच्या ताटातले!

आणि तुमच्या पांघरुणावर हा हिरवा पोपट कुठून आला, ते सकाळी विचारा. आता मिटा डोळे. एक जरी उघडा दिसला, तर मी टाका उसवीन, नि पोपट जाईल उडून.