बाद झालेली हाक

एका रानात गवत उंच होते आणि बिबट्या एकच होता. त्यामुळे हरणांच्या कळपात टेकाडावर उभे राहून पहारा करण्याचा मान मोठा समजला जाई. पहारेकऱ्याने हाक दिली की तोंडातला घास टाकून पळायचे, असा नियम होता. हाक खोटी ठरली, तर कळपाचा मुखिया शिंगराव एकच शब्द उच्चारी, "बाद!" मग लहानथोर सगळे एका सुरात तोच शब्द म्हणत. बाद झालेल्याला चरायला, पाणी प्यायला मुळीच बंदी नव्हती. त्याच्या हाकेला मान वर करायची नाही, एवढेच.

ठिपकी नावाची हरिणी पहाऱ्यावर होती. तिचे पाडस नुकतेच गवत कुरतडायला शिकले होते, म्हणून तिचे डोळे जरा जास्तच उघडे असत. एका सकाळी वारा नसताना गवत हलले. तिने हाक दिली, कळप पळाला, आणि आपण दिसलो हे कळताच बिबट्या आल्या वाटेने निघून गेला.

शिंगराव परतला तो धापा टाकतच. "कुठाय बिबट्या?"

"गेला, आबा. हाक ऐकली नि गेला."

"म्हणजे नव्हताच की! कुणाला खाल्लं का त्यानं? मग? उगाच आमची न्याहारी घालवलीस."

"बाद!" शिंगराव म्हणाला, आणि पाठोपाठ कळप म्हणाला. ठिपकीच्या मनाला ते फार लागले. ती गुमान खाली उतरली.

टेकाडावर आता एक देखणा तरुण काळवीट चढला. त्याने जन्मात हाक दिली नव्हती, त्यामुळे त्याची एकही हाक खोटी ठरली नव्हती. कळपाची न्याहारी बिनघोर होऊ लागली.

पुढे एकदा ठिपकी पाणवठ्यावर असताना पाडस चरत चरत दूर गवताच्या कडेला गेले. वारा पडलेला होता. पाडसाच्या पुढ्यातले गवत हलले. ठिपकीने टेकाडाकडे पाहिले, तर पहारेकरी बाभळीला शिंगे घासून चकाकवत होता. नियम तिला ठाऊक होता. तरी ती धावत सुटली आणि जिवाच्या आकांताने ओरडली.

कळपात एकही मान वर झाली नाही. चरता चरताच सगळ्यांनी सवयीने उत्तर दिले, आणि त्यांच्या मागोमाग गवताच्या कडेकडून एक कोवळा आवाज आला, "बाद!"