गेनूची पंगत

"नाव मी बदललं होतं, बुवा. मग पाटीवर जुनंच कसं लागलं?"

शिष्य निरंजन दत्तगिरी बुवांना विचारत होता. संन्यासाआधी बुवांनी जन्मभर प्रोग्राम लिहिले. मठाच्या फाटकावरची दिव्यांची पाटी चालवणारा प्रोग्रामही त्यांचाच. आजची पंगत कुणाच्या नावे, ते पाटीवर लावणारा 'पंगत' नावाचा क्लास, म्हणजे साचा, त्यात होता आणि त्या साच्यात नाव होतं 'मठ'.

आजची पंगत तानूबाई आपल्या गेलेल्या मुलाच्या नावे घालणार होत्या, म्हणून निरंजनने त्याच क्लासचा वारसा घेऊन, म्हणजे तोच साचा पायाला धरून, नवा क्लास केला. त्यात मुलाचं नाव घातलं, 'गेनू'. निरंजनला जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामची भाषा येते हे साऱ्या मठाला ठाऊक होतं. तशी व्यवस्था त्यानेच केली होती.

आणि आज दुपारी पाटीवर लागलं : 'आजची पंगत मठाच्या नावे.'

"तपासलं नव्हतंस?"

"तपासलं होतं. पंगत तयार झाल्यावर विचारलं, तर नाव गेनूच सांगते."

"तानूबाईंना काय म्हणालास?"

निरंजनची मान खाली गेली. "म्हणालो... आजी, माझं बरोबर आहे. आत गेनूचंच नाव आहे."

"मग?"

"म्हणाल्या, आत असून काय करू रे बाबा? माझ्याबी आतच हाय की." तो म्हणाला, "न जेवता गेल्या."

"बाहेर जा," बुवा म्हणाले. "हाक मारली की ये."

तो बाहेर गेला. दार लागलं. आतून बुवांनी मोठ्याने विचारलं, "या खोलीत कोण आहे?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "दत्तगिरी." मग म्हणाले, "निरंजन, ये."

तो उंबऱ्यावरच थबकला. त्याला उमगलं : मूळ क्लास आधी उभा राहतो आणि उभा राहतानाच पाटी लावून मोकळा होतो. गेनू आत येतो तो त्यानंतर.

"म्हणजे घाई मूळ क्लासची!" तो उसळून म्हणाला. "ती ओळ तर..."

"माझी. चुकलंच माझं."

किती सहज म्हणाले! निरंजनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या म्हातारीसमोर हे दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले नव्हते.

"पाटी मी सगळ्यात शेवटी लावतो, बुवा. पण तानूबाईंना... कुणाची चूक सांगू?"

बुवांनी कोपऱ्यातल्या दोन पत्रावळी उचलून त्याच्या हातात दिल्या.

"एक तानूबाईंची, एक तुझी. गेनूला काय आवडायचं ते त्यांना विचार. आणि त्यांचं सांगून होईपर्यंत तू बोलू नकोस."