जोडकामाचं मोल

मिरजेच्या इंदूताई बोडस यजमान गेल्यापासून एकट्याच राहत. करमेना म्हणून त्यांनी जुन्या बाजारातून चावीचा फोनोग्राफ आणला. तो पारखायला नामांकित संग्राहक भाऊसाहेब जहागीरदार आले.

भिंगातून न्याहाळत ते ऐटीत म्हणाले, "फसलात बाई! कर्णा एका यंत्राचा, पेटी दुसऱ्याची. असल्या जोडकामाला मोल नसतं. कर्णा तेवढा अस्सल आहे, तो मला द्या. पेटी भंगारात टाका."

इंदूताई शांतपणे म्हणाल्या, "भाऊसाहेब, आमचा संसारही जोडकामच होता. हे एका घरचे, मी दुसऱ्या घरची. त्याचं मोल मला जोडी सुटल्यावर कळलं. आता ही दुसरी जोडी सोडवायला सांगू नका."

भाऊसाहेब भिंग खिशात घालून उठले. ते गेल्यावर इंदूताईंनी चावी दिली आणि रिकाम्या घरात, खरखरत का होईना, कुणीतरी गाऊ लागलं.