चुंद्रीचं लांबुडकं टोपडं

ऐका हं, अगदी कान देऊन ऐका.

हौसाकाकूच्या घराला होती एक पायरी. पायरीखाली एक बीळ. बिळात राहायची एक चिचुंद्री. तिचं नाव चुंद्री.

चुंद्रीचं नाक केवढं? एवढंऽऽ लांब! चुंद्रीचे डोळे केवढे? तिळाएवढे! चुंद्री चालायची तुरुतुरु तुरुतुरु. बोलायची चूं चूं. आणि शिंकायची, फिच्च!

चुंद्री दिसली की सगळे म्हणायचे, "शुक् शुक्! पळ इथून!"

हौसाकाकू मात्र तसं म्हणायची नाही. शेजारची कावेरीताईही नाही. ती रोज दाराबाहेर भाकरीचा चुरा टाकायची. म्हणायची, "ये गं चुंद्री, खा."

या कावेरीताईला बाळ झालं. इवलं इवलं, मऊ मऊ बाळ. आज त्या बाळाचं बारसं होतं. आज बाळाला पाळण्यात घालणार. आज बाळाचं नाव ठेवणार.

चुंद्री म्हणाली, "मी बाळाला टोपडं देणार. लाल लाल टोपडं. माझ्या हातानं विणून देणार!"

हौसाकाकूनं तिला उरलेल्या लाल लोकरीचा गुंडा दिला होता. बाभळीचे दोन काटे, त्याच तिच्या सुया. चुंद्री पायरीवर बसली आणि विणायला लागली.

खाली-वर, खाली-वर.

एक टाका, दोन टाके, तीन टाके... फिच्च!

शिंक आली. मोजलेलं विसरली. पुन्हा पहिल्यापासून.

एक टाका, दोन टाके, तीन टाके... फिच्च!

टोपडं वाढलं. पण कसं वाढलं? रुंद होईचना! लांबच लांब, लांबच लांब.

चुंद्रीनं ते डोक्यावर घालून पाहिलं. डोक्यात जाईना. कानावर घालून पाहिलं. कानावर राहीना. नाकावर घातलं. नाकावर मात्र बरोब्बर बसलं!

"वा गं चुंद्री, वा!" चुंद्री स्वतःलाच म्हणाली. "टोपडं विणलंस बाळाला आणि बसलं तुझ्याच नाकाला!"

तिला आलं हसू. चूं चूं चूं! पोट हललं. मांडी हलली. मांडीवरचा गुंडा घसरला.

टप्! टप्! टप्! पायरीवरून खाली.

गडगड गडगड गडगड! अंगणाच्या बाहेर.

थेट बोरीच्या झुडपात! आणि बसला काट्यांत अडकून.

चुंद्रीनं धागा ओढला. तुट्ट! धागाच तुटला. लोकर राहिली बोरीत. अर्धं टोपडं राहिलं हातात.

चुंद्रीनं अर्धं टोपडं खांद्यावर टाकलं. तुरुतुरु तुरुतुरु गेली बोरीकडे.

"बोरीबाई, बोरीबाई, माझी लोकर सोड."

बोरीनं खाली पाहिलं. "खांद्यावर काय गं तुझ्या? पडवळ?"

"पडवळ नाही, टोपडं आहे. विणताना शिंकले, फिच्च! टाके विसरले."

"बरं बाई. पण लोकर नाही सोडणार. या वेलानं मला आवळून धरलंय. फांदी हलवता येत नाही. शेळीनं वेल खाल्ला, तर मी लोकर सोडीन."

चुंद्री गेली तुरुतुरु तुरुतुरु. शेळी गोठ्यात बसली होती.

"बेंऽऽ! काय झालं गं चुंद्री?"

चुंद्री म्हणाली,

"बोरी लोकर सोडीना,
टोपडं मी विणू कशी?

शेळीमावशी, शेळीमावशी, बोरीवरचा वेल खा."

शेळीनं मान वर केली. "खांद्यावर काय गं तुझ्या? शेंग? खाऊ का?"

"खाऊ नको! टोपडं आहे. विणताना शिंकले, फिच्च! टाके विसरले."

"बरं बाई. पण वेल नाही खाणार. माझ्या गळ्यातला पट्टा उसवलाय. घंटा पडलीय खाली. घंटा वाजल्याशिवाय मला खाणं गोड लागत नाही. हौसाकाकूनं पट्टा शिवला, तर मी वेल खाईन."

चुंद्री गेली तुरुतुरु तुरुतुरु. हौसाकाकू शिलाई मशीनपुढे बसली होती. कपाळाला हात लावून बसली होती.

"काय झालं गं चुंद्री?"

चुंद्री म्हणाली,

"शेळी वेल खाईना,
बोरी लोकर सोडीना,
टोपडं मी विणू कशी?

हौसाकाकू, हौसाकाकू, शेळीचा पट्टा शिवा."

काकूनं चष्मा वर केला. "खांद्यावर काय गं तुझ्या? बाटलीची पिशवी?"

"पिशवी नाही, टोपडं आहे. विणताना शिंकले, फिच्च! टाके विसरले."

"बरं बाई. पण पट्टा नाही शिवणार. हे बघ माझं मशीन."

काकूनं पाय हलवला. कर्र कर्र कर्र... ठक्! मशीन बंद.

"बाळाचं झबलं अर्धं शिवून पडलंय. मशीनला तेल नाही. तेलाची कुपी कावेरीनं नेलीय. पाळण्याच्या कड्या करकरतात ना, म्हणून. कावेरीनं कुपी दिली, तर मी पट्टा शिवीन."

चुंद्री गेली तुरुतुरु तुरुतुरु. कावेरीताईच्या दारात पोचली. आतून आवाज आला,

"ट्यँऽऽ! ट्यँऽऽ! ट्यँऽऽ!"

कावेरीताई बाळाला घेऊन फेऱ्या मारत होती. केस विस्कटलेले. पदर खांद्यावरून घसरलेला.

"काय झालं गं चुंद्री?"

चुंद्री म्हणाली,

"काकू पट्टा शिवेना,
शेळी वेल खाईना,
बोरी लोकर सोडीना,
टोपडं मी विणू कशी?

कावेरीताई, कावेरीताई, तेलाची कुपी दे."

"अगं, देऊ कशी? कुपी आहे वरच्या फळीवर. माझ्या दोन्ही हातांत बाळ. खाली ठेवलं की रडतं. वर घेतलं तरी रडतं. बाळ गप्प झालं, तर मी कुपी देईन."

आणि कावेरीताई थकून खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आत्ता पाहुणे येतील," ती म्हणाली. "पाळण्याला फुलं लावायचीत. घुगऱ्या शिजायच्यात. आणि हे बाळ रडतंय, रडतंय, रडतंयच!"

चुंद्रीला फार वाईट वाटलं. ती हळूच बाळापाशी गेली.

"बाळा रे बाळा,

कावेरी कुपी देईना,
काकू पट्टा शिवेना,
शेळी वेल खाईना,
बोरी लोकर सोडीना,
टोपडं मी विणू कशी?

बाळा रे बाळा, गप्प हो ना."

बाळ म्हणालं, "ट्यँऽऽ! पाय गार! ट्यँऽऽ! पाय गार! पायांना ऊब दिली, तर मी गप्प होईन!"

"पायांना ऊब?" चुंद्री म्हणाली. "ऊब कशाची? लोकरीची! लोकर कुठंय? बोरीत! बोरी कधी सोडणार? शेळीनं वेल खाल्ला की! शेळी कधी खाणार? काकूनं पट्टा शिवला की! काकू कधी शिवणार? कावेरीताईनं कुपी दिली की! कुपी कधी मिळणार? बाळ गप्प झालं की! बाळ कधी गप्प होणार? पायांना ऊब मिळाली की! ऊब कशाची? लोकरीची!"

चुंद्रीला गरगरलं. ती मटकन खाली बसली.

"वा गं चुंद्री, वा! गावभर फिरलीस आणि होतीस तिथंच आलीस. तुझ्यापेक्षा तो गुंडा बरा. निदान कुठंतरी पोचला!"

मग तिनं बाळाच्या पायाकडे पाहिलं. पाय इवला. पाय लांबुडका.

तिनं खांद्यावरच्या टोपड्याकडे पाहिलं. टोपडं इवलं. टोपडं लांबुडकं.

पुन्हा पाय. पुन्हा टोपडं.

"कावेरीताई," चुंद्री म्हणाली, "हसणार नसलीस तर एक करून बघू?"

"बघ गं बाई. काहीही कर."

चुंद्रीनं एका टोकाला गाठ मारली. टोपड्यात बाळाचा पाय घातला. हळूऽऽ, हळूऽऽ, सर्रर्र! बरोब्बर बसलं! टाचेला टाच. बोटांना बोटं.

बाळानं पाय हलवला. बाळानं पाय पाहिला. लाल लाल पाय!

"ट्यँ..." बाळ म्हणालं आणि थांबलं. मग पुन्हा म्हणालं, "ट्यँ." पण अगदी हळू. कारण दुसरा पाय अजून गारच होता.

कावेरीताई हसायला लागली. "अगं चुंद्री, बाळ अर्धं गप्प झालं!"

"अर्धंच काम केलंय, म्हणून अर्धंच गप्प," चुंद्री म्हणाली. "आता कुपी अख्खी देतेस की अर्धीच देतेस?"

"अख्खी घे!" कावेरीताई म्हणाली.

बाळ अर्धं गप्प झालं, तशी कावेरीनं अख्खी कुपी दिली.

कावेरीनं कुपी दिली, तशी काकूनं मशीनला तेल घातलं. टप टप टप. मशीन चाललं, खटखट खटखट! काकूनं शेळीचा पट्टा शिवला.

काकूनं पट्टा शिवला, तशी शेळीची घंटा वाजली. किणकिण किणकिण! शेळीनं वेल खाल्ला. कुरुम कुरुम कुरुम!

शेळीनं वेल खाल्ला, तसं बोरीनं अंग झटकलं. सळसळ सळसळ! बोरीनं लोकर सोडली.

बोरीनं लोकर सोडली, तसा गुंडा घरंगळला. गडगड गडगड! चुंद्रीच्या पायाशी आला.

चुंद्रीनं सुया घेतल्या. "आता मला येतंय! आता विणते दुसरा मोजा!"

खाली-वर, खाली-वर. एक टाका, दोन टाके, तीन टाके... शिंक नाही! चार टाके, पाच टाके, सहा टाके... तरी शिंक नाही! विणून झालं. चुंद्रीनं उचलून पाहिलं.

रुंद. गोल. टोपडं!

"अगं बाई गं!" चुंद्री म्हणाली. "टोपडं विणायला गेले, मोजा झाला. मोजा विणायला गेले, टोपडं झालं!"

मग तिनं तिसऱ्यांदा सुया घेतल्या. या वेळी काय विणतेय ते कुणालाच सांगितलं नाही. स्वतःलासुद्धा नाही. गुपचूप विणलं. फिच्च! मध्येच एक शिंक आली. आणि झाला की बरोब्बर मोजा!

संध्याकाळ झाली. कावेरीताईच्या घरी पाहुणेच पाहुणे. पाळण्याला झेंडूची फुलं. बाळाच्या अंगात काकूचं नवं झबलं. दोन पायांत दोन मोजे. डोक्याला टोपडं. एक मोजा थोडा लांब, एक थोडा आखूड. टोपडं एका बाजूला कललेलं.

चुंद्री दारात उभी राहिली. आत जावं की नको?

"अगंबाई, चिचुंद्री!" एक पाहुणी ओरडली. "शुक् शुक्! हाकला तिला!"

चुंद्री मागे सरली. कावेरीताई पुढे आली.

"थांबा," ती म्हणाली. "तिला कुणी हाकलायचं नाही. हे मोजे कुणी विणले? हिनं. हे टोपडं कुणी विणलं? हिनं. ये गं चुंद्री, आत ये."

पाहुणीनं मोजे पाहिले. मग चुंद्रीकडे पाहिलं. "या एवढ्याशा हातांनी?" ती म्हणाली.

"हातांनी कमी आणि शिंकांनी जास्त," चुंद्री म्हणाली.

सगळे हसले. चुंद्रीही हसली. चूं चूं चूं! पाहुणी सरकून बसली आणि चुंद्रीला जागा दिली.

चुंद्रीला मिळाल्या वाटीभर घुगऱ्या. आणि बसायला कुठे मिळालं? थेट पाळण्यात, बाळाच्या कानाजवळ!

मग आली आत्या. आत्या म्हणजे बाळाच्या बाबांची बहीण. नाव ठेवायचा मान तिचा. आत्या पाळण्यावर वाकली. सगळे गप्प झाले. बाळही गप्प झालं. अख्खं गप्प!

आत्यानं बाळाच्या कानात केलं, "कुर्रर्रर्र!" आणि हळूच नाव सांगितलं.

सगळ्यांत जवळ कोण होतं? चुंद्री! मग ते नाव सगळ्यांत आधी कुणी ऐकलं? चुंद्रीनं!

काय होतं ते नाव?

सांगू? ये, जवळ ये. कान इकडे कर.

कुर्रर्रर्र...

(आणि इथे मांडीवरच्या बाळाच्या कानात त्याचं स्वतःचं नाव सांगायचं. अगदी हळू.)