रांजणातले राखणदार

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नळ नावाची वस्तू अजून कुणाच्या स्वप्नातही आली नव्हती, तेव्हाची. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि गावाला एकच तळं. म्हशी त्यात डुंबायच्या, बायका त्यातच धुणी धुवायच्या आणि पिण्याच्या घागरीही तिथेच भरायच्या. मग दुसरं काय होणार? दर पावसाळ्यात हगवणीची साथ यायची आणि लेकरं दगावायची.

त्या गावात म्हाळसा राहायची. स्वच्छतेत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिच्या अंगणात सांडलेला भात उचलून खावा, असं लोक म्हणायचे. पण अशा लख्ख घरातला तिचा नातूही साथीत गेला. आता राहिली एकटी नात, सोनकी. हिला तरी कसं जपावं, या एकाच घोरानं म्हाळसाची झोप उडाली होती.

गावातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या धुरपदाक्कानं घरोघरी एक युक्ती शिकवली. रांजणाला बुडाशी भोक पाडून बांबूची नळी बसवायची. तळाला खडे, वर धुतलेली बारीक वाळू. वरून तळ्याचं पाणी ओतायचं आणि नळीतून येईल ते प्यायचं.

"पण सुरुवातीला काही दिवस ते उकळून प्या," आक्का म्हणाली. "वाळू जरा रुजू दे. तिला कोरडी पडू देऊ नका, आणि उगाच ढवळू नका."

म्हाळसानं अगदी तसंच केलं. त्या पावसाळ्यात सोनकीचं पोटसुद्धा दुखलं नाही.

मग नवरात्र आलं. घट बसण्याआधी आपल्याकडे घर कसं धुऊन निघतं, ते का मी तुम्हाला सांगायला हवं? गोधड्या झाल्या, पाट झाले, डबे झाले. शेवटी म्हाळसा रांजणात डोकावली. वाळूवर तपकिरी, बुळबुळीत साय धरली होती.

"अगबाई, ही घाण पाजत होते मी पोरीला," ती पुटपुटली. तिनं वाळू उपसली, तळ्यावर नेऊन खळखळून धुतली, उन्हात वाळवली आणि पुन्हा भरली. नळीतून पाणी आलं, ते आधीपेक्षाही नितळ. सोनकी ते पोटभर प्यायली.

घट उठायच्या आत पोरीनं अंथरूण धरलं. डोळे खोल गेले, ओठ सुकले. शेजारची पोरं मात्र अंगणात हुंदडत होती. म्हाळसा धावत आक्काकडे गेली.

आक्कानं आधी पाणी उकळायला लावलं. त्यात मीठ-गूळ घालून ते चमच्याचमच्यानं पाजायला सांगितलं. मग तिनं रांजणात पाहिलं.

"वाळू धुतलीस?"

"धुतली. घाण बसली होती हो."

"ती घाण नव्हती, म्हाळसे. त्या सायीत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. तळ्यातून जे वाईट येतं, ते तिथे अडतं आणि हे जीव त्याला खाऊन टाकतात. तू राखणदारांनाच घराबाहेर काढलंस."

म्हाळसा रांजणाकडे बघतच राहिली. आपल्या घरात रात्रंदिवस कुणीतरी राबत होतं. त्यांनी भाकरी मागितली नाही की नाव सांगितलं नाही, आणि आपल्याला त्यांचा पत्ताही नव्हता. तिचे हात आपोआप जोडले गेले आणि ती रडू लागली.

सोनकी वाचली, पण हाडांचा सापळा होऊन. म्हाळसा तिला उकळलेलंच पाणी पाजत राहिली आणि रोज सकाळी रांजणात तळ्याचं पाणी ओतून आत डोकावत राहिली. एके दिवशी वाळूवर पातळशी साय पुन्हा धरू लागलेली दिसली. तिनं नातीला कडेवर घेऊन आत दाखवलं.

"सोनके, बघ, आले."

"कोण आले, आजी? मला तर कुणीच दिसत नाही."

"मलाही दिसत नाहीत गं," म्हाळसा हळूच म्हणाली आणि तिनं रांजणावर झाकण ठेवलं.

तेव्हापासून त्या गावात नवरात्रात सगळं घर धुतात, पण वाळूच्या रांजणाला कुणी हात लावत नाही.

तात्पर्य: आपला जीव राखणारे सगळेच डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून घाण समजून काही पुसून टाकण्याआधी ते काय करतंय, हे विचारावं.