बकुळच्या गालांचा रंग

हे काही आटपाट नगर नव्हतं. हे होतं डोंगराच्या कुशीत, माडापोफळींच्या सावलीत बसलेलं एक चिमुकलं गाव, आणि त्या गावाच्या टोकाला एक चिमुकलं घर. घराची कौलं निम्मी फुटकी, पण अंगण बघाल तर रंगच रंग! लालचुटूक ठिपक्यांचे भोवरे, पिवळीधमक केळी, हिरवेगार राघू, सगळे लाकडाचे आणि सगळे उन्हात वाळत पडलेले. आई पांगाऱ्याचं लाकूड कातून खेळणी घडवायची, धाकटी सुरंगी त्यावर रंग चढवायची आणि थोरली बकुळ ती खेळणी बाजारात विकायची. बकुळने नुसती हाक घातली, की पोरं आयांचे पदर ओढत यायची. त्या हाकेवर तिघींची चूल पेटायची.

आणि मग बकुळच्या गालांवर पुटकुळ्या आल्या. त्या वयात येतातच की, त्यात नवल ते काय. पण भर बाजारात एक बाई म्हणाली, ह्या भोवऱ्यांवरचे लाल ठिपके तुझ्याच गालांवरून उतरवलेस वाटतं. सगळे खो खो हसले. बकुळ तशीच घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून बसली, ती बसलीच. मग आई गेली विकायला, पण बिचारीच्या तोंडून शब्द फुटेना. सुरंगी तर चार माणसं दिसली की आईच्या पदरामागे लपे. घरातल्या पेजेत पाणी वाढत चाललं, आणि देवीची जत्रा तोंडावर आली. जत्रेत खेळणी खपली नाहीत, तर पुढचं वर्ष उपाशीच काढावं लागणार होतं.

ताईच्या गालांवर लावायला काही पाला, काही माती मिळते का बघायला सुरंगी रानात गेली. बघते तर काय, फणसाच्या बुंध्यावर काहीतरी लुकलुकतंय. जवळ जाऊन पाहिलं, तर बोटाएवढी इवलीशी परी. पंख अबोली रंगाचे, झग्याला दवाच्या टिकल्या, आणि ते नाजूक पंख फणसाच्या चिकात घट्ट अडकलेले. परी हिसके देत होती आणि चिडून चिडून लाल झाली होती.

"हलू नका परीबाई, पंख फाटेल," सुरंगी म्हणाली. ती धावत घरी गेली. बाटलीच्या तळाशी उरलेलं खोबरेल तेल घेऊन आली आणि करंगळीने हळूहळू, एकेक धागा सोडवत तिने चीक काढला. घरातलं सगळं तेल त्यात संपलं, पण पंख मोकळे झाले.

परीने दोन गिरक्या घेतल्या आणि म्हणाली, तीनदा माग. पण तिचे नियम होते, बरं का! कुणाच्या अंगावरचं काही तिला पुसता येत नसे, फक्त देता येई. तोंडून जे निघेल तेच मिळे, त्याहून कणभर वेगळं नाही. आणि तिने दिलेलं काही अंगाला लावलं, तर ते दिवस मावळायच्या आत धुवायचं, म्हणजे धुवायचंच.

सुरंगीला वाटलं, हे काय कठीण? सगळ्या बाहुल्यांचे चेहरे ती एकाच गुलाबी रंगाने रंगवायची. तिने तोच मागितला. परीने टिचकी मारली आणि डबी हातात! सुरंगीने ताईच्या चेहऱ्यावर तो फासला, तर गाल बाहुलीचे आणि मान बकुळची. बकुळने बादलीतल्या पाण्यात डोकावून पाहिलं, आधी तिला हसू आलं आणि मग रडू.

दुसऱ्या वेळी सुरंगीने डोकं चालवलं. लाकडाला भेग असली की ती लांबीचा लगदा भरायची, तेलात मळलेला, घट्ट. भेग अशी बुजे की कुणाला शोधून सापडायची नाही. तिने तशीच घट्ट, तेलकट लांबी मागितली, आपल्या स्वतःच्या हाताच्या रंगाची. झाल्या की पुटकुळ्या गडप! पण दुपारी बकुळला घाम आला, गाल चुरचुरले, आणि संध्याकाळी धुवून बघतात तर एकीच्या दोन झालेल्या.

बकुळ रागावली नाही. तिने सुरंगीला जवळ ओढलं आणि म्हणाली, "पुरे आता. माझे गाल म्हणजे लाकूड नाही गं, बाय."

सुरंगी मनातल्या मनात खूप रडली. एकच मागणं उरलं होतं. भाताचं न संपणारं मडकं मागावं, असंही तिला वाटून गेलं. पण भाताने ताई घराबाहेर येणार होती थोडीच! बकुळच्या गालांची आग निवेपर्यंत ती थांबली. मग एका सकाळी तिने ताईला हात धरून अंगणात, लख्ख उजेडात बसवलं. इतके दिवस ती ताईला अंधाऱ्या कोपऱ्यातच पाहत होती. आता तिने मान आणि गाल जिथे मिळतात तिथे नीट निरखलं, जसं ती राघू रंगवण्याआधी खरा राघू निरखायची. किती छान रंग होता तो!

ती फणसापाशी गेली आणि एका दमात म्हणाली, "उकडलेल्या आठळीच्या सालीचा रंग, त्यात चिमूटभर हळद. मऊ दह्यासारखा हलका, तेलाचा थेंब नको. आणि खाली लावायला नखभर कोवळा हिरवा, म्हणजे लाली दबेल."

"शिकलीस की," परी म्हणाली आणि तिने चांदीची इटुकली डबी पुढे केली.

सुरंगीने लेप फासला नाही. बोटाच्या टोकाने टिप टिप करत नुसता ठिपक्यांवर लावला. बकुळने पाण्यात पाहिलं, अगदी जवळ जाऊन पाहिलं, आणि म्हणाली की निरखलं तर दिसतात थोड्या. मग ती उठली, वेणी घातली आणि खेळण्यांची टोपली तिने स्वतःच डोक्यावर घेतली.

जत्रेत बकुळची हाक अशी घुमली की काय सांगू! पोरांची झुंबड उडाली. पण दूरच्या गावांची माणसं अजून यायचीच होती, टोपली अर्धी भरलेली होती, आणि ऊन तांबूस झालं.  सुरंगीने ताईच्या कानात परीचा नियम सांगितला, लेप दिवस मावळायच्या आत धुवायचा. बकुळ उठली. ती देवळामागच्या झऱ्याकडे गेली. आता ती तशीच घरी जाणार, असं सुरंगीला वाटलं आणि तिचे डोळे भरून आले.

पण बकुळ परत आली. चेहरा ओला, स्वच्छ धुतलेला, सगळे लाल ठिपके उघडे. तिने हाक घातली, ती शेजारच्या दुकानापर्यंतही पोचली नाही. तिने पुन्हा घातली. एक बारका पोरगा समोर येऊन उभा राहिला आणि तिच्या तोंडाकडे टक लावून बघू लागला. बकुळचा हात गालाकडे गेला.

"चाकांचा हत्ती आहे?" त्याने विचारलं.

तेवढ्यात टोपलीच्या कडेवर अबोली पंख फडफडले. परी सुरंगीला हळूच म्हणाली, "ही डबी रोज सकाळी आपोआप भरेल. तिला लावावंसं वाटेल तेव्हा लावू दे. तू हे मागितलं नाहीस, म्हणून देतेय." आणि सोनेरी, केशरी, गुलाबी अशा उजेडाचं एक इवलं कारंजं उडालं, आणि परी त्यात मिसळून गेली.

बकुळला ते दिसलंच नाही. ती हत्तीला दोरी बांधून तो त्या पोराच्या हातात देत होती, आणि तिच्यापुढे आणखी बरीच पोरं उभी होती.